झुडुपाखालची भाकर

आजचे वाचन : १ राजे १९:१-१८ (जमल्यास १७ वा अध्यायही पुन्हा वाचावा)



काल आपण एलीया संदेष्ट्याबरोबर कर्मेल डोंगरावर होतो. आकाशातून अग्नी उतरला, त्याने होमबली खाल्ला, लाकडं खाल्ली, दगड खाल्ले आणि चरातलं पाणीसुद्धा चाटून टाकलं. लोक पालथे पडले. मग समुद्रावरून तळहाताएवढा ढग आला आणि इतक्या दिवसांचा दुष्काळ एका संध्याकाळी धुऊन गेला. आणि आज? आज तोच एलीया रानात एका झुडुपाखाली पडून देवाकडे मरण मागतोय. मधल्या काळात झालं काय, तर एक निरोप आला. ईजबेल राणीने माणूस पाठवून सांगितलं की उद्या या वेळेपर्यंत तुझाही जीव घेते. बस्स. डोंगरावर साडेआठशे खोट्या संदेष्ट्यांपुढे एकटा उभा राहिलेला माणूस एका निरोपाने कोसळला.

आपण प्रार्थनेत, साक्षीत, गाण्यात सारखं म्हणतो की देव आपल्याबरोबर आहे, आपल्या रोजच्या जगण्यात आहे. तो असतो म्हणजे नेमका कसा असतो, हे समजायला मला या अध्यायाइतकी मदत दुसऱ्या कुठल्या अध्यायाने केली नाही. म्हणून आज जरा सावकाश वाचू. मजकूर लांबला आहे, सांभाळून घ्या.

आधी ३ रं आणि ४ थं वचन बघा. एलीया बैर-शेबापर्यंत पळाला, तिथे त्याने आपल्या चाकराला सोडलं आणि एकटाच एक दिवसाची वाट चालून रानात गेला. सोबतच्या माणसाला मागे ठेवलं, हे पवित्र शास्त्राने मुद्दाम लिहून ठेवलं आहे. मन खचलेला माणूस आधी हेच करतो. फोन उचलत नाही, मंडळीत येणं बंद करतो, विचारलं तर "काही नाही, बरं आहे" म्हणतो. मग एलीया झुडुपाखाली बसला आणि देवाला म्हणाला की आता पुरे, माझा जीव घे, मी माझ्या वाडवडिलांपेक्षा काही वेगळा नाही. आणि झोपला.

इथे आपण असतो तर काय केलं असतं? खरं सांगा. आपण त्याला वचन काढून दाखवलं असतं. "अहो एलीया, कालच अग्नी पाहिलात ना? विश्वास कुठे गेला?" असं म्हटलं असतं. देवाने यातलं काहीही केलं नाही. कोणीतरी येऊन त्याला हात लावला आणि ऊठ, खा, एवढंच म्हटलं. उशाशी पाहतो तर निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं.

मूळ हिब्रू भाषेत जो शब्द आहे तो निखाऱ्यात किंवा तापलेल्या दगडावर भाजलेल्या जाडसर भाकरीचा आहे. आपल्याकडे शेतात, जत्रेत गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात, त्याच जातीचा प्रकार समजा. म्हणजे राजवाड्यातलं पक्वान्न नव्हे. गुराख्याचं, वाटसरूचं खाणं. कर्मेलवर ज्याने आकाशातून अग्नी पाठवला तोच देव इथे थोडेसे निखारे पेटवून भाकर भाजतो. अग्नी तोच म्हणा हवं तर, पण केवढा फरक! पहिला बघायला सगळं राष्ट्र जमलं होतं. दुसरा कुणीच बघितला नाही, ज्याच्यासाठी पेटवला तोसुद्धा झोपेत होता.

आता एक बारीक गोष्ट. मराठीत आपण ५ व्या वचनात "देवदूत" वाचतो आणि लगेच डोळ्यांपुढे पांढरी वस्त्रं आणि पंख येतात. हिब्रूत तिथे "मलआख" हा शब्द आहे. त्याचा साधा अर्थ निरोप्या, पाठवलेला माणूस, दूत. आणि गंमत अशी की २ ऱ्या वचनात ईजबेलने जो माणूस पाठवला त्यालाही हाच शब्द आहे. म्हणजे एका मलआखाने मरणाचा निरोप आणला आणि दुसऱ्या मलआखाने भाकर आणली. पाचव्या वचनात तर "परमेश्वराचा" असंही म्हटलेलं नाही, ते दोन वचनं पुढे सातव्यात येतं. जुन्या ग्रीक भाषांतराने तर या जागी नुसतं "कुणीतरी" त्याला शिवलं असंच म्हटलं आहे.

जरा त्या माणसाच्या जागी बसून बघा. राणीची माणसं मागावर आहेत. रानात एकटा झोपला आहे. अचानक कुणाचा तरी हात अंगाला लागतो. पहिला विचार काय येईल? आले, मला धरायला आले. आणि डोळे उघडतो तर कुणी धरायला आलेलं नाही, जेवायला वाढलेलं आहे.

त्याने काय केलं? स्तुती केली? वेदी बांधली? गुडघे टेकले? नाही. खाल्लं, पाणी प्यालं आणि पुन्हा आडवा झाला. आभाराचा एक शब्द नाही. तरी दूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा हात लावतो आणि म्हणतो की खाऊन घे, पुढची वाट तुला झेपणार नाही. रागावत नाही. "पहिल्या वेळी ओळखलं नाहीस" असं म्हणत नाही.

मला वाटतं आपल्यातल्या पुष्कळ भाविक माणसांची इथेच चुकामूक होते. आपण समजतो की देवाचं सान्निध्य म्हणजे सान्निध्याची जाणीव. अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी आलं, सभेत मन भरून आलं, तर देव होता, नाहीतर नव्हता. एलीयाला त्या झाडाखाली काहीच जाणवलेलं दिसत नाही, भूक आणि थकवा सोडून. तरी देव तिथे होता. त्याच्या कळण्यावर ते अवलंबून नव्हतं.

हे मी का एवढं सांगतोय? कारण आपल्या लातुरात झुडुपाखाली पडलेले एलीया कमी नाहीत. दरवर्षी कुठून कुठून पोरं येतात, लातूर पॅटर्नचं नाव ऐकून. सतरा-अठरा वर्षांचं लेकरू, एका खोलीत तिघं, भिंतीला सूत्रांचे कागद, सकाळी क्लास, दुपारी क्लास, रात्री अभ्यासिका. बापाने शेतावर कर्ज काढलेलं असतं. चाचणीत मार्क कमी पडले की घरी फोन करायची हिंमत होत नाही. आणि तिकडे नांदेडकडच्या, हिंगोलीकडच्या एखाद्या गावात त्या पोराच्या बापाची सोयाबीन ऐन काढणीत पावसात भिजलेली असते. दोघंही एकमेकांना "बरं चाललंय" म्हणतात. दोघांच्याही मनात एलीयाचा तोच शब्द असतो, पुरे.

अशा माणसाजवळ देव कसा येतो? या अध्यायाप्रमाणे तो आधी डबा घेऊन येतो. मेस चालवणाऱ्या ज्या मावशी ताटात भाकरी उरलेली पाहून विचारतात, "का रं लेकरा, दोन दिस झाले नीट जेवत नाहीस?", त्यांना वाटतही नसेल की आपण पवित्र शास्त्रातल्या एका दूताचं काम करतोय. त्या ख्रिस्तीही नसतील. पण ५ वं वचन त्यांच्या हातून घडतंय.

म्हणून एक विनंती. तुमच्या ओळखीचं कुणी मरणाची भाषा बोलत असेल तर आधी प्रवचन देऊ नका. विश्वास कमी पडला असं तर अजिबात म्हणू नका, कारण एलीयाला देवाने तसं म्हटलं नाही. जवळ बसा, जेवू घाला, झोपू द्या, एकटं सोडू नका, आणि डॉक्टरकडे घेऊन जा. सरकारची टेली-मानस म्हणून सेवा आहे, १४४१६ या नंबरवर दिवसरात्र फुकट बोलता येतं. प्रार्थना जरूर करा. पण हात जोडायच्या आधी तो हात त्याच्या खांद्यावर ठेवा.

आता अध्यायाच्या दुसऱ्या भागाकडे येऊ. आपल्या वाचनाच्या क्रमात हा भाग नेमका सप्टेंबरच्या अखेरीला आला आहे, आणि लातूर-धाराशिवच्या माणसाला ३० सप्टेंबर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

त्या भाकरीच्या बळावर एलीया चाळीस दिवस, चाळीस रात्री चालत होरेबला पोचला. मोठा, जोराचा वारा आला, डोंगर फुटले, खडक फुटले. पण देव वाऱ्यात नव्हता. वाऱ्यानंतर भूकंप झाला. देव भूकंपात नव्हता. भूकंपानंतर अग्नी आला. देव अग्नीतही नव्हता.

१९९३ साली गणपती विसर्जन करून माणसं उशिरा घरी येऊन झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावंच्या गावं काही क्षणांत ढिगारा झाली. सुमारे दहा हजार माणसं गेली. दगड-मातीत रचलेल्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं. जे माळवद उन्हाळ्यात गारवा द्यायचं तेच अंगावर आलं. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात तर हा सगळा भाग सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवला होता.

त्या रात्री देव कुठं होता? हा प्रश्न मी ख्रिस्ती माणसांच्या तोंडून ऐकला आहे आणि इतरांच्याही. आणि त्याची उत्तरंही ऐकली आहेत. देवाचा कोप झाला, लोकांची पापं वाढली होती, म्हणणारेही होते. मला हे उत्तर मान्य नाही, आणि माझ्या मान्य असण्या-नसण्याचा प्रश्न बाजूला ठेवा, प्रभू येशूलाच ते मान्य नव्हतं. लूक १३:४-५ काढून बघा. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. येशूने त्याच घटनेचं नाव घेऊन विचारलं की ती माणसं यरुशलेममधल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का, आणि स्वतःच नाही म्हणून उत्तर दिलं. पश्चात्ताप करा, असं त्याने ऐकणाऱ्यांना सांगितलं, म्हणजे जे जिवंत होते त्यांना. मेलेल्यांच्या माथी त्याने काही मारलं नाही. भिंत पडून मेलेल्या माणसाविषयी आपल्या प्रभूचं मत इतकं स्पष्ट असताना आपण वेगळं बोलायचं कारण नाही.

होरेब म्हणजे तोच सिनाय डोंगर, हेही विसरू नका. मोशेच्या काळी याच डोंगरावर देव अग्नीतून उतरला होता आणि सगळा डोंगर थरथरला होता (निर्गम १९). तेव्हा एलीयाला वाटलं असेल की आता भूकंप झाला म्हणजे देव आलाच. जुन्या खुणेवरून त्याने देव ओळखला असता, आणि शास्त्र म्हणतं, या वेळी नाही. यावरून भूकंपाविषयी एखादा नियम बनवावा असंही मला वाटत नाही. ढिगाऱ्याखाली सापडलेल्या प्रत्येक माणसाजवळ देव कसा होता, हे हा अध्याय सांगत नाही. स्तोत्र १३९ सांगतं की अधोलोकात अंथरूण केलं तरी तू तिथे आहेस आणि अंधार तुला अंधार नाही. मत्तय २७:५१ सांगतं की येशूने प्राण सोडला तेव्हा भूमी कापली आणि खडक फुटले. त्या भूकंपात देव कुठं होता हे आपल्याला ठाऊक आहे. तो वरून हलवत बसला नव्हता, तो वधस्तंभावर मेलेला होता. यापलीकडे माझ्याजवळ उत्तर नाही, आणि ज्यांची माणसं गेली त्यांच्यापुढे यापेक्षा जास्त बोलावंसंही वाटत नाही.

पण उजाडल्यानंतर काय झालं ते मात्र पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. लातूर, उमरगा, सोलापूर, कुठून कुठून माणसं भाकरी बांधून निघाली. घराघरांतून भाकऱ्या गोळा झाल्या. कुणी ढिगारे उपसले, कुणी प्रेतं उचलली, पावसात तंबू लावले. चर्चच्या मदत संस्था आल्या, सैन्य आलं, गुरुद्वाऱ्यांची माणसं आली. भारतीय जैन संघटनेने साधारण १२०० मुलं शिकवायला पुण्याला नेली. यात "आपले" किती आणि "परके" किती, हा हिशेब मांडणाऱ्याने पाचवं वचन पुन्हा वाचावं. दूत म्हणजे पाठवलेला. पाठवणारा कोण हे प्रत्येक पाठवलेल्याला ठाऊक असतंच असं नाही.

हे मी मनाने म्हणत नाही. अध्याय १७ मध्ये तसंच आहे. देव एलीयाला सांगतो की सारफथला जा, तिथल्या एका विधवेला मी तुझी सोय करायची आज्ञा केली आहे. एलीया वेशीत पोचतो, ती विधवा काटक्या वेचत असते. आणि तिच्या बोलण्यावरून तर असं दिसतं की तिला कसलीही आज्ञा मिळालेली नाही! तिच्याजवळ मूठभर पीठ आणि थोडं तेल आहे, ते रांधून पोरासोबत खायचं आणि मग मरायचं, एवढाच तिचा विचार आहे. देव म्हणतो आज्ञा केली, बाई म्हणते मला काही माहीत नाही. दोन्ही खरं. देवाच्या पुष्कळ आज्ञा अशाच असतात, पाळणाऱ्याला त्या पाळून झाल्यावर कळतात, किंवा कधीच कळत नाहीत.

त्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, आपल्या मराठवाड्याला फार जवळची. देवाने एलीयाला करीथ ओढ्याकाठी राहायला सांगितलं होतं. देवानेच दाखवलेला तो ओढा आटला. देशात पाऊस नव्हता म्हणून आटला, असं सरळ कारण दिलं आहे. विश्वासणाऱ्याच्या ओढ्याला वेगळा पाऊस पडत नाही. २०१६ साली मांजरा धरण आटलं तेव्हा ते सगळ्यांसाठीच आटलं. (ऊस किती लावला आणि बोअर किती पाडले हा हिशेब आपण माणसांनी द्यायचा आहे, तो देवाच्या माथी मारू नये.) मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, आठवतंय ना? घागरीवरून डोकी फुटतील अशी भीती होती. मग १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली.

त्या गाडीला नाव काय दिलं होतं? जलदूत. नाव देणाऱ्याच्या मनात १ राजे १९ नक्कीच नव्हता. पण मला ते नाव वाचलं की पाण्याचं भांडं उशाशी ठेवणारा तो मलआखच आठवतो. आणि हिशेब करून बघा, शहराची वस्ती चार लाखांच्या घरात, म्हणजे पहिल्या गाडीचं पाणी माणशी सव्वा लिटर. एक तांब्या. त्याने दुष्काळ संपला नाही. एलीयाचंही संकट त्या एका भांड्याने संपलं नव्हतं, ईजबेल जिवंतच होती. पुढचं पाऊल टाकण्याइतकं पाणी मिळालं. त्या वाघिणी आधी राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेने धुतल्या गेल्या होत्या. तिथल्या कामगाराने लातूर कधी पाहिलंही नसेल. त्याच्यासाठी ती रोजची पाळी होती, टाकी आतून घासायची. रोजचंच काम. आणि आपण देवाला रोजच्या जगण्याबाहेर शोधत असतो.

मंडळीच्या इतिहासातही असेच दूत आहेत. पंडिता रमाबाईंनी तरुणपणीच दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली होती. उपास काय असतो हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या, आणि त्यातून केडगावचं मुक्तिसदन उभं राहिलं. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, खेड्यातल्या साध्या बाईलाही कळावं म्हणून. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या तोपर्यंत ते काम चाललं. मला यातला क्रम फार मोलाचा वाटतो. आधी भाकर, मग वचन. वचन कमी मोलाचं म्हणून नव्हे. एलीयालाही वाणी ऐकू आली ती जेवण आणि झोप झाल्यानंतर, चाळीस दिवसांनी. आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांचं बघा. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण नवा करार त्यांच्या हाती पडला तो आगगाडीत सोबत बसलेल्या एका अनोळखी प्रवाशाकडून. डब्यात शेजारी जागा मिळाली, बोलणं झालं, पुस्तक दिलं.

नांदेडच्या वाचकांना तर हे जास्त सांगायला नको. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये पंगतीला बसणाऱ्याला तू कोण, कुठला, असं कुणी विचारत नाही. भाकरी वाढणं हीच सेवा आणि तीच भक्ती, हे आपले शेजारी जाणतात. आपण, ज्यांचा प्रभू पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी निखारे पेटवून, मासे आणि भाकर भाजून शिष्यांना न्याहारीला बोलावतो (योहान २१), आपण ते विसरायला नको.

आता होरेबच्या त्या वाणीकडे. मराठीत आपण शांत, मंद वाणी म्हणतो. हिब्रू शब्द आणखी विलक्षण आहेत, जवळजवळ "बारीक शांततेचा आवाज" असा त्यांचा अर्थ होतो. दळण दळून गिरणी बंद झाली की जी शांतता कानाला ऐकू येते तशी. एलीयाने ती ऐकली, झग्याने तोंड झाकलं आणि गुहेच्या दाराशी आला. देवाने विचारलं, एलीया, तू इथे काय करतोस?

आणि एलीयाने काय उत्तर दिलं? १० वं आणि १४ वं वचन शेजारी ठेवून वाचा. अगदी तेच! वाऱ्याआधी जी तक्रार होती तीच वाणीनंतरही, शब्दाला शब्द. मी एकटाच उरलो, माझाही जीव घ्यायला टपलेत. देवाची वाणी प्रत्यक्ष ऐकूनसुद्धा माणसाचं मन तिथल्या तिथे बदललं नाही. ज्यांना वाटतं की एकदा मोठा अनुभव आला म्हणजे आपलं दुःख पळून जाईल, त्यांनी हे लक्षात घ्यावं. देव यावर चिडत नाही. तो त्याला काम देतो, परत जा, अमक्याला अभिषेक कर, तमक्याला अभिषेक कर. आणि जाता जाता सांगतो की एकटा नाहीस, सात हजार आहेत. एलीयाने त्यातला एकही पाहिला नव्हता.

देवाच्या सान्निध्याविषयी बोलताना फ्रान्समधल्या ब्रदर लॉरेन्सचं उदाहरण पुष्कळदा देतात. सतराव्या शतकातला, पॅरिसच्या मठात स्वयंपाकघरात राबणारा माणूस, भांड्यांच्या गडबडीतही देवाशी बोलत राहणारा. उदाहरण चांगलंच आहे. पण सांगणारे एक गोष्ट गाळतात. त्याला स्वयंपाकघराचं काम मुळात आवडत नव्हतं. लढाईत पायाला इजा झालेली, लंगडत चालायचा. म्हणजे आवडीच्या, निवांत कामात त्याला देव सापडला असं नाही. नावडत्या कामातच त्याने देवाची सोबत सोडली नाही. आपल्याकडे नळाला आठवड्यातून एखाद्या दिवशी पाणी येतं, तेही रात्री दोनला, आणि घरातली बाई उठून मोटार लावते, पिंप भरते, शेजारच्या म्हातारीच्याही दोन घागरी भरून ठेवते. तिला त्या वेळी स्तोत्र आठवत नसेल, झोप आठवत असेल. ठीक आहे. एलीयाही झोपलेलाच होता.

आज रात्री एक करून बघा. झोपण्याआधी, दिवे मालवल्यावर, आजच्या दिवसात तुम्हाला कुणी हात लावून उठवलं ते आठवा. खरोखरचा हात असेल, फोन असेल, चहाचा कप असेल, बसमध्ये सरकून दिलेली जागा असेल. त्या माणसाचं नाव घेऊन देवाचे आभार माना. मग उद्या ज्याच्या उशाशी पाणी ठेवायचं आहे अशा एका माणसाचं नाव मनात येऊ द्या. घरातलंच असेल कदाचित. बहुतेक घरातलंच असतं. पुष्कळ दिवसांत ज्याचा फोन आला नाही त्याला तुम्हीच लावा, आणि आधी वचन पाठवू नका, जेवलास का विचारा.

प्रार्थना : हे परमेश्वरा, तू एलीयाला रागावला नाहीस, त्याला खाऊ घातलंस, म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो. किल्लारीच्या परिसरात आजही ज्यांच्या घरात ३० सप्टेंबरला चूल उदास असते त्यांना जवळ घे. खोलीत एकटं बसलेल्या लेकरांना आणि शेतावर एकट्या बसलेल्या त्यांच्या बापांना कुणीतरी हाक मारू दे, आणि ते कुणीतरी आम्ही असलो तर आम्हाला आळस येऊ देऊ नकोस. ज्या हातांनी आज आम्हाला वाढलं त्यांचं भलं कर, ते तुला ओळखत असोत वा नसोत. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

उद्याचे वाचन : १ राजे १९:१९-२१. अलीशा बारा बैलजोड्यांच्या मागे नांगर धरून चालला आहे. उद्या आपण शेतावर जाऊ.